वानखडे सिस्टरचं क्योटो

लोणारच्या बसस्थानकात उभी असलेली एसटी मेहकरलाच जाते, हे वानखडे सिस्टरना पटवायला निदान चार माणसं लागत. पाटी वाचून झाली की त्या ड्रायव्हरला विचारत, मग कंडक्टरला, मग चेहऱ्यावर शिक्षण दिसणाऱ्या दोन प्रवाशांना. एवढं करून बसत दारापाशीच. गाडी भलतीकडे निघाली तर उडी मारता यावी म्हणून.

आमच्या दवाखान्यात त्या परिचारिका, मी औषधं देणारा. कुत्रं चावलेला, दवाखाना डोक्यावर घेणारा पैलवान त्या एका हाताने दाबून धरत आणि दुसऱ्या हाताने सुई टोचत. पण पाल, लिफ्ट, अनोळखी नंबरचा फोन आणि तपासणीला आलेले साहेब, या सगळ्यांची त्यांना धास्ती. अशा बाईंनी शेहेचाळिसाव्या वर्षी राजीनामा दिला आणि कायमची क्योटोला राहायला चालले म्हणाल्या, तेव्हा मी हातातली बरणी हळूच खाली ठेवली.

दहा वर्षांपूर्वी बुद्धविहारातल्या मंडळींबरोबर त्या जपान पाहून आल्या होत्या. क्योटोत एका दुपारी सगळ्यांपासून चुकल्या आणि तीन तास एका कालव्याच्या काठाने चालत राहिल्या. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. शेवट ठरलेला : "भाऊ, मले भेवच लागलं नाही. बाई एकटीच काऊन फिरून राह्यली, असं कोणी इचारलंच नाही." मग मोबाइलवर त्या भाषा शिकल्या, परीक्षा दिली, तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेचं काम मिळवलं. अमडापूरचं घर बहिणीला देऊन टाकलं.

मी पडलो थट्टेखोर. म्हटलं, सिस्टर, तिथं जमीन हलते म्हणे. दोन दिवसांनी ड्रेसिंगच्या खोलीत गेलो, तर सिस्टर टेबलाखाली, डोक्यावर उशी धरून. सराव करून राह्यली, म्हणाल्या. मी पोट धरून हसलो. माझं हसून झालं तरी त्या बाहेर येईनात.

"साऱ्या दुनियेत एकच गाव हाय, जिथं मी भ्याली नाही," त्या म्हणाल्या. "आता तिथं राह्यले चालली. अन् तिथंबी भेव लागलं, तं माह्यापाशी काय उरलं, भाऊ?"

मी खाली फरशीवर त्यांच्याजवळ बसलो. तिथेच त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं : मी फोन करून रडले, परत बोलवा म्हटलं, तरी बोलवायचं नाही.

निरोपाला साडी झाली, नारळ झाला, भाषणं झाली. प्रत्येकाने त्यांना धाडसी म्हटलं, आणि प्रत्येक 'धाडसी'ला सिस्टर खुर्चीचा हात आणखी घट्ट धरत होत्या.

त्या गेल्यावर नवव्या दिवशी दुपारी, ओपीडी आटोपल्यावर, फोन आला. आधी नुसताच श्वास. मग कळलं की खोली चांगली आहे, माणसं चांगली आहेत, कालवा दोन गल्ल्या सोडून आहे. पण तिथपर्यंत पाय जात नाहीत. कामावरून खोली, खोलीवरून काम, आणि दार लावलं की छातीत धडधड.

"मले परत ये म्हणा. तुम्ही म्हटलं का मी उद्या निघते."

समोर त्यांची खुर्ची रिकामी होती. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. तिथे त्यांना काही झालं तर? दोन शब्दांचं काम होतं, आणि ते अगदी जिभेवर आले होते.

"सिस्टर," मी म्हणालो, "तुमच्या जागेवर नवी बाई आली. आता इथं जागा नाही."

"नाव काय तिचं?"

आयुष्यभर गावाला गोष्टी रचून सांगणारा मी. मला एका बाईचं नाव सुचेना. पलीकडे सायकलची घंटी वाजून गेली, कोणीतरी खोकलं.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "तिले सांगा, मी येत नाही."