एकदाच वाजलेला बँड

धाराशिवहून उमरग्याला जाताना एसटीत माझ्या शेजारी एक तरणा गडी बसला होता. मांडीवर चार तारांची बेस गिटार, आणि अंगठा असा दणकट, की पाठीवर थाप मारली तर म्हैस बसकण मारेल.

"रॉक बँड होता आमचा. आपल्या धाराशिवकडच्या वाशीत एकच कार्यक्रम झाला. तासभर जीव तोडून वाजवलं. मग पुढं बसलेलं एक म्हातारं हात जोडून म्हणलं, 'लेकरांनो, मशीन तपासून झाली असंल तर आता गाणं लावा.'"

मी असा हसलो, की टायर फुटला समजून ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. तो गडी मात्र हसला नाही. बाकीच्या तिघांनी त्याच आठवड्यात कामासाठी पुणं गाठलं होतं. हा आज गिटार उमरग्याच्या बँजो पार्टीला विकायला निघाला होता.

"मला तरी ऐकवा की," मी म्हणालो.

विजेशिवाय तिचा आवाज तो केवढा, त्यात खिडक्यांचा खडखडाट. मी लाकडाला कान लावला, तेव्हा खोल विहिरीत कुणी चालल्यासारखं ऐकू आलं. तो डोळे मिटून वाजवत राहिला.

"उमरगा आलं, उतरा पाव्हणं," कंडक्टर म्हणाला.

"थोडं राहिलंय ओ," तो म्हणाला.

खाली बँजो पार्टीचा मालक हात पुढं करून उभा होता.