विरजणकाका

चांगले रंगलेले गाणे माणसाने अर्ध्यावर का थांबवावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले. हिंदी मुलखातल्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतले माझे शेजारी विरजणकाका अखेरपर्यंत तसे करीत. विजेच्या ग्रामोफोनवर तबकडी फिरत असे, त्यांचा पाय ठेका धरीत असे, आणि एकाएकी ते सुई उचलत. भिंतीकडे मान कलवून ऐकत. मग सुई पुन्हा खाली.

तबकडी एकच होती. पॉवर हाउस भागातल्या बाजारात एका कबाड्याकडे सापडलेली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांचा तो जुना, नावाजलेला गीतसंच, सोल आणि फंक या शैलींतला. मी शाळेत इंग्रजी शिकवीत असल्यामुळे वेष्टनावरच्या शब्दांचा अर्थ सांगणे माझ्याकडे आले. कोंदट भाड्याच्या खोल्या, पोलिसांची काठी, कामावरून काढलेली माणसे, असे त्या गाण्यांचे विषय. ठेका मात्र समजावून द्यावा लागला नाही. काका चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गायनपार्टीत ढोलकी वाजवीत. "मास्तर, हे गानं पयले नाचाले लावते," ते म्हणत, "अन् मंग इचारते, तू नाचून कावून राहिला?"

ती तबकडी पहिल्यांदा वाजली त्या दुपारची हकीकत मला काकूंनी सांगितली. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात पितळी वाद्ये थांबतात आणि मागून गर्दीचा गलका ऐकू येतो. त्या गलक्यात एका बाईने टाहो फोडला. काकांनी मांडीवर थाप मारली. "वा! काय जीव तोडून गायली बाई!" असे म्हणून त्यांनी आवाज वाढवला.

संध्याकाळी भिंतीपलीकडच्या क्वार्टरमधल्या तरुण सुनेला दवाखान्यात नेले. न्हाणीत घसरून पडली, असे नवऱ्याने सांगितले. ती परत आली नाही. आठवडा उलटल्यावर काकांनी तबकडी दुसऱ्यांदा लावली. त्या जागी गलका होता. बाई नव्हती.

काका पोलीस ठाण्यात ते सांगायला गेले. तिथल्या माणसाने विचारले, "रिकार्ड सुन रहे थे ना? तो रिकार्ड में ही सुना होगा." काका घरी आले आणि दिवसभर जेवले नाहीत.

सुई उचलण्याची सवय तेव्हापासूनची. भिंतीपलीकडे आदळआपट ऐकू आली की ते वाटी घेऊन निघत आणि दार उघडेपर्यंत ठोठावत. विरजण मागत. वाटी हातात आली तरी उंबऱ्यातून हलत नसत. दूध कुठले, साय किती धरते, चौकशा चालूच. काकू करवादत, "घरात दह्याचा गंज काठोकाठ भरून आहे, अन् हे चालले वाटी घेऊन!" कॉलनीने त्यांचे नावच विरजणकाका पाडले. त्याचे त्यांना वाईट वाटत नसे.

पुढे त्या क्वार्टरमध्ये यार्डात डबे जोडणारा एक शंटर राहायला आला. एकदा दार उघडून तो खेकसला, "काका, रोजरोज कायचं विरजन? डेअरी टाकून राहिले काय?"

"लय घुसळनं चालू होतं, भाऊ," काका म्हणाले. "म्हटलं, लोनी निघालं का पाहावं."

शंटरच्या बायकोने वाटी भरून आणली, आणि वाटीबरोबर तीही उंबरा ओलांडून बाहेर आली. काकूंच्या घरी ती थांबली आणि दुसऱ्या दिवशी पद्मनाभपुरात माहेरी गेली. तिचे भले झाले. काकांचा चेहरा मात्र त्याने उजळला नाही.

शेवटच्या आजारात त्यांनी मला तबकडी लावायला सांगितली. ते गाणे आले.

"आहे काय बाई?"

"नाही, काका."

"मले तं आयकू येऊन राहिली." ते म्हणाले, "मास्तर, आवाज मीच वाढवला होता ना."

मी त्यांचा हात धरून बसलो. त्याच आठवड्यात ते गेले.

तबकडी आता माझ्याकडे आहे. ते गाणे मी पुनःपुन्हा तपासले आहे. त्यात बाई नाही, असे मी खात्रीने सांगू शकतो. पण ही खात्री मला सुई उचलल्याशिवाय होत नाही. वाचकांनी केवळ माझ्या शब्दावर विसंबू नये. आपल्या घरी आत्ता जे काही वाजत असेल ते क्षणभर बंद करावे, भिंतीला कान लावावा, आणि स्वतः पडताळून पाहावे.