सहा माणसं आणि एक मांडीवर

अन्याय झाला माझ्या पुतणीवर. वय वर्षं पाच. झाला तो डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी संध्याकाळी, पहिला चहा संपून दुसरा उकळत होता तेव्हा, भुईगावात, आमच्याच ओटीवर. केला आम्ही घरच्यांनी. हसत हसत केला.

मी पत्रकं लिहिते, त्यामुळे मला अशीच सुरुवात करता येते. कोणावर अन्याय झाला आणि कधी, हे पहिल्या चार ओळींत सांगितलं नाही तर लोक त्या कागदात भजी बांधतात. पिण्याच्या पाण्यासाठी लिहिली आहेत, रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी लिहिली आहेत, आमच्या जवळच्या एका बागेच्या फाटकाला कायमचं लागलेलं कुलूप निघावं म्हणून तर तीनदा लिहिली आहेत. त्या कुलपाआड दोन झोपाळे गंजतायत. पोरांना झोका घ्यायचा तर गाडी करून घाटाच्या पायथ्याशी जायचं, तिथल्या मोठ्या थीम पार्कात, आणि त्याला सहल म्हणायचं! पण ते पत्रक वेगळं. हे घरातलं आहे.

तर नाताळच्या सुट्टीत दोन दिवस आणि एक रात्र त्या पार्कात जायचं, हे ठरत होतं. दादा सातिवलीला एका प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, त्याला सलग दोन दिवस रजा मिळणं म्हणजे घरात सणच. तो मोबाइलवर बुकिंग उघडून बसला होता. वहिनी त्याच्या खांद्यावरून बघत होती. आठ वर्षांचा पुतण्या राइडची नावं मोठ्याने वाचत होता आणि प्रत्येक नावाला स्वतःच किंचाळून दाखवत होता. आई चहाकडे. आणि बाबा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, केळीच्या वाडीला पाणी लावून पाय धुऊन बसलेले. मांडीवर पुतणी.

"किती माणसं टाकू?" दादाने विचारलं.

"सहा मानसं आनि एक मांडीवर," बाबा म्हणाले.

आमच्याकडे असंच मोजतात. आगाशीच्या बसमध्ये कंडक्टरला असंच सांगतात, लग्नाच्या टेम्पोत असंच भरतात, जत्रेतल्या पाळण्यात असंच बसतात. मांडीवरचं पोर म्हणजे त्याला जागा नको, पान नको, तिकीट नको. आम्हा दोघांनाही बाबांनी असंच सगळीकडे फिरवलं. त्यांच्या मांडीचा त्यांना अभिमान आहे आणि तो खोटा नाही.

यावेळी तर सगळंच जुळून आलं. गाडीत ड्रायव्हर सोडून सहाच जागा. हॉटेलच्या खोलीत लहान मुलाला वेगळं अंथरूण नको. पार्कात ठरावीक उंचीच्या आतलं पोर फुकट. "बघ, ही कुठेच लागत नाही," वहिनी खूश होऊन म्हणाली.

"पण ही कशातच बसू शकणार नाही," पुतण्या म्हणाला. "सगळीकडे उंची लिहिलीय. यात नाही. यातपण नाही."

"मी बसेन ना हिला घेऊन," बाबा म्हणाले.

"बाबा, तिथे मांडीवर घेऊ देत नाहीत. पट्टा असतो. एकाला एक जागा," दादा म्हणाला.

"कोन देत नाय? मी बोलतो त्याच्याशी."

बाबांच्या डोळ्यांपुढे जत्रेतला पाळणेवाला होता, जो दरवर्षी येतो आणि यांच्याकडून केळीचा घड घेऊन जातो. आम्ही हसलो. दादा हसता हसता म्हणाला, "मग हिला इथेच ठेवू, शेजारच्या मावशींकडे. तसंही हिला काय कळतंय?"

ती सगळं ऐकत होती. तिने मान वर करून बाबांकडे बघितलं.

"आजोबा, मांडीवर म्हनजे कोन?"

"तूच गो."

"मग सहात मी नाय?"

पुन्हा हसलो. यालाच मी अन्याय म्हणते. कोणी तिला मारलं नाही, कोणी ओरडलं नाही. ती आपली मांडीवरून उतरली, आत गेली आणि स्वयंपाकघरातला पाट घेऊन आली. बाबांच्या खुर्चीशेजारी तो मांडून त्यावर बसली. कोणी लक्ष दिलं नाही, कारण चहा आला होता.

सोमवारी संध्याकाळी बाबांनी मांडीवर थाप मारली. "ये." ती आली, पाट घेऊन आली. मंगळवारीही पाट. टीव्ही बघताना पाट, जेवताना पाट. वहिनी ऑफिसातून दमून आल्यावर तिला कुशीत ओढायला गेली तर ही काठीसारखी ताठ. "ऐक ना, आईजवळ बस की." "जवळ बसते. वरती नाय." वहिनी मूळची साताऱ्याकडची. लेकीचं 'नाय' आणि 'पानी' दुरुस्त करण्यात तिचा अर्धा जीव जातो. त्या दिवशी दुरुस्त करायचं विसरली.

बुधवारी आई तिला घेऊन आगाशीच्या बाजारात गेली. परत आली ती ओटीवर चढायच्या आधीच सांगत सुटली. बस भरलेली. आईला कोणीतरी जागा दिली. आईने हात पुढे केला, तर ही दांडा धरून उभी. वळणावर हेलपाटतेय पण उभी. समोरच्या एक बाई म्हणाल्या, "ये गो बाय, माझ्या मांडीवर बस." "नको." कंडक्टर गमतीत म्हणाला, "मांडीवर नाही तर मग तिकीट काढावं लागेल हां." ही त्याला म्हणाली, "काढा."

"काडलं मंग," आई म्हणाली. "अर्धं काडलं. आख्खी बस हसतेय नि ही बया हसत नाय."

तिकीट तिने मुठीत धरून आणलं होतं. घामाने ओलं झालेलं. दादा कामावरून आला तेव्हा तिने ते उलगडून त्याच्या मोबाइलशेजारी ठेवलं. दादाने तो कागद बघितला आणि मोबाइल पालथा घातला.

मी धरणी धरलेली आहेत. उन्हात सतरंज्या टाकून बसलेली आहे, घसा बसेपर्यंत घोषणा दिलेल्या आहेत. आमचं एक धरणं दुपारी वडापाव आल्यावर मोडलं, एक साहेब गाडीतून उतरून गोड बोलल्यावर मोडलं. आणि इथे हे दीड हाताचं पोर. घोषणा नाही, बॅनर नाही, रडणंसुद्धा नाही. ज्या जागेमुळे आपण मोजले जात नाही त्या जागेवर बसायचं नाही, एवढंच. आणि ती जागा घरातली सगळ्यात उबदार, सगळ्यात लाडाची! मी बघतच राहिले. हे हिला कोणी शिकवलं?

बाबांना वाटलं, मीच. "तुझीच ही थेरं," ते माझ्यावर उखडले. मी नाही म्हटलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं, कारण हो म्हणायला फार आवडलं असतं.

तरी मी तिला विचारलं. "मी पत्रक लिहून देऊ का?"

"पत्रक म्हनजे?"

"कागद. त्यावर काय झालं ते लिहायचं आणि सगळ्यांना वाटायचं."

तिने विचार केला. "पन त्यांना माहीत हाय काय झालं."

इतकी वर्षं पत्रकं वाटूनही मला हे सुचलं नव्हतं.

बाबांचं मात्र बघवेना. ते संध्याकाळी खुर्चीत बसत आणि त्यांचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नसे. सवयीने मांडीवर येत, तिथे कोणी नसे, मग खुर्चीच्या दांड्यांवर जात. शनिवारी शेवटी ते तिला म्हणाले, "काय गो, माझ्या मांडीला काटे हायत?"

ती पाटावरून उठली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "नाय आजोबा. मांडी चांगली हाय. पन तिथे बसलं का मी दिसत नाय."

"कोनाला दिसत नाय?"

"मोजनाऱ्याला."

बाबा उठून वाडीत गेले आणि अंधार पडेस्तोवर केळींमध्ये काहीतरी करत राहिले.

दुसऱ्या रविवारी पुन्हा चहा, पुन्हा मोबाइल. बाबांनी गाडीवाल्याला स्वतःच फोन लावला होता. तो शेजारच्या आळीतला, नाताळच्या गडबडीत असलेला, घराला चांदणी टांगता टांगता बोलत होता. मोठी गाडी पाहिजे म्हटल्यावर त्याचा आवाज फोनबाहेरपर्यंत आला, "बावा, एवढ्याशा पोरीसाठी मोठी गाडी कशाला? घ्या की मांडीवर!"

बाबा म्हणाले, "मानसं सात हायत."

बस, एवढंच. मी आयुष्यात अनेक कचेऱ्यांसमोर उभी राहिले, पण मोजणाऱ्याने आपला आकडा आपल्या तोंडाने बदललेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मग दादाने, थोडं खाकरून, जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "तुला तिथे काय करायचंय गं?"

तिचं उत्तर तयार होतं. "सगळ्यात उंच पाळना बघायचाय."

"पण त्यात तुला घेणार नाहीत," पुतण्या म्हणाला.

"बसायचं नाय. बघायचाय. तुम्ही बसा. मी खालून हात करीन."

"अगो, जत्रेत बसलीस ना माझ्यासंगती," बाबा म्हणाले. "तेव्हा बघितलास की."

"नाय बघितला."

"मंग काय बघितलंस?"

"तुमचं बटन."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग बाबांना कळलं. पाळणा वर जाताना ते तिला छातीशी घट्ट आवळून धरतात. आम्हालाही असंच धरायचे. आणि मला एकदम आठवलं: मीही जत्रेतला पाळणा वरून कधी पाहिलेला नाही. माझ्याही आठवणीत सदऱ्याचं एक पांढरं बटण आहे, चार भोकांचं, आणि घामाचा नि केळीच्या चिकाचा वास. मी इतकी वर्षं त्यालाच पाळणा समजत होते.

बाबांनी सदऱ्याच्या बटणाला हात लावून पाहिलं आणि ते हसायला लागले. पुष्कळ हसले. आईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, धूर गेला डोळ्यांत.

निघायच्या सकाळी गाडी फाटकाशी आली, तेव्हा ती सगळ्यांच्या आधी चढली. खिडकीजवळच्या जागेवर बसली. पाय खाली टेकत नव्हते. दोन्ही बाजूंना एवढी जागा उरली की तिने एकदा इकडे, एकदा तिकडे हात ठेवून पाहिला. बाबा शेजारी बसले. त्यांच्याकडे पाण्याच्या बाटल्यांची पिशवी होती, ती कुठे ठेवावी ते बघत होते.

"आजोबा, द्या," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर ठेवा."

आता तिला मांडी होती.

तुमच्याही घरात आता सुट्टीचे बेत चालले असतील. गाडी ठरत असेल, खोली ठरत असेल, कोणीतरी "आणि एक मांडीवर" म्हणून मोकळं झालं असेल. तो बेत थांबवा. त्या एकाला मांडीवरून उतरवा, समोर बसवा आणि तुला काय बघायचंय ते विचारा. मग माणसं पुन्हा मोजा.