कडुनिंबावरची गुळवेल

धायरीच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचे काका गुळवेलीबद्दल कुणाचं ऐकून घेत नसत. "अहो, कुंपणावरची गुळवेल म्हणजे नुसती दोरी. कडुनिंबावर चढलेलीच हवी," असं जिन्यात अडवून सुनावायचे. सांध्यांची सूज उतरते, प्रतिकारशक्ती वाढते, हे त्यांचं ठरलेलं पालुपद. संधिवातानं काकूंची बोटं वाकडी झाली होती. काका रोज सकाळी त्यांच्यासाठी वेलीचं कांड खलबत्त्यात कुटत. त्या ठोक्यांवर आमचा चहा उकळायचा.

परवा मीच दोघांना दवाखान्यात नेलं. काकू बाहेर बसल्या होत्या. काकांनी डॉक्टरांना मोठ्या अभिमानानं गुळवेलीचं सांगितलं.

"अहो आजोबा, इथे शत्रू बाहेरचा नाही. त्यांची प्रतिकारशक्तीच त्यांच्या सांध्यांवर उठली आहे. तिलाच खुराक कसला देताय? बोटं आता सरळ व्हायची नाहीत."

काका खुर्चीच्या हातावर नख घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठोके ऐकू आले. मी तावातावानं वर गेलो. खलबत्त्यात कारल्याची फोड होती.

"कडू लागलं की तिला औषध वाटतं," काका हळूच म्हणाले.

"पण काका, असं किती दिवस?"

"कुटणं थांबलं तर ती विचारेल, आता काय करायचं? तुम्हीच सांगा, काय करायचं?"

आतून काकूंची हाक आली, "झालं का हो?"

"झालंच," काका म्हणाले, आणि पुन्हा कुटू लागले.