बूड पाण्यात, मान आगीत

आमच्या ह्यांनी रायफल घेतली तीही सेकंडहँड, आणि अशी, की जिची काडतुसं कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. हे मला ती घरी आल्यावर कळलं. मी साडी घेताना फॉलसुद्धा विचारून घेते, आणि हा माणूस रायफल घेऊन आला, तर तिच्यात घालायचं काय ते म्हणे पुढचं पुढे बघू.

ह्यांच्या रायफल क्लबातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची होती ती. त्यांनी कधीकाळी एका कारागिराकडून तिची नळी आपल्या मनासारखी करून घेतली होती. अशा मापाला वाइल्डकॅट म्हणतात, म्हणजे रानमांजर. कुठल्याच कारखान्यानं न पाळलेलं. मग नेहमीच्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, साच्यात दाबून तिची मान बारीक करायची आणि ठिणगी देणारी टोपी, दारू, गोळी सगळं आपल्या हातानं भरायचं. ह्यांच्याकडे त्याचा रीतसर परवाना होता. शिवाय हे भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, त्यामुळे साचेसुद्धा स्वतःच लेथवर काढले. ही वस्तू बाजारात सहज मिळत असती तर ह्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. माझी निवड कशी झाली असेल, याचा विचार मी तेव्हापासून सोडून दिला.

मुलुंडला आमची बिल्डिंग डोंगराच्या अगदी पायथ्याशी. सोसायटीत ह्यांची चेष्टा चालायची, की बिबळ्या खाली उतरला तर आता तुम्हालाच बोलवायचं ना? हे म्हणायचे, "मी फक्त कागदावर नेम धरतो. त्याला सांगा, येताना कागद घेऊन ये." आणि ते खरंच होतं. ह्यांनी आयुष्यात एक चिमणी मारली नाही. गावी कोकणात शेजाऱ्यांकडे माकडं हाकलायला ठासणीची बंदूक होती. लहानपणी मे महिन्यात गेले, की ती ठासताना हे तासन्‌तास बघत बसायचे. तो नाद जो लागला तो लागला. उडवण्यापेक्षा भरण्याचाच जास्त.

त्या नादापायी गॅलरीत ह्यांचं टेबल आलं आणि माझी शिलाई मशीन तिथून आतल्या खोलीत गेली. मी आठवडाभर बोलले नाही. नंतर बोलले ते असं बोलले, की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. माझ्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द कधी निघत नाहीत, असं सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या. त्यांचं बाकी काही असो, हे मात्र बरोबर होतं.

पण हळूहळू मीही त्या टेबलाशी बसायला लागले. कारण सोपं आहे. एरवी ह्यांच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे वैताग. जेवण कसं झालंय विचारलं तर "हं". पण टेबलाशी बसले की बोलायचे. एक पुंगळी पुन्हा पुन्हा वापरली की तिच्या मानेचं पितळ कडक होतं आणि मग मान तडकते. तडकू नये म्हणून ती अधूनमधून तापवून मऊ करावी लागते. पण बूड तापता कामा नये. सगळा धक्का बूड सोसतं. तेच मऊ पडलं तर पुंगळी रायफलमध्येच फाटते, आणि मागे तर आपलं तोंड असतं. म्हणून पुंगळ्या एका ट्रेमध्ये उभ्या करायच्या, अर्ध्या बुडतील इतकं पाणी घालायचं आणि वर बाहेर राहिलेल्या मानेला छोट्या गॅसची ज्योत दाखवायची. "बूड पाण्यात, मान आगीत," हे म्हणायचे. मानेवर निळसर छटा आली की पुंगळी पाण्यात आडवी पाडायची. चर्र आवाज यायचा. फोडणीसारखाच, फक्त तो खमंग वास नाही.

पाणी घालायचं काम माझं. ज्योत पेटवायच्या आधी हे मान वर न करता विचारायचे, "पाणी?" मी म्हणायचे, "घातलं." समोर ट्रे दिसतोय, मी आत्ताच तांब्या रिकामा केलाय, तरी विचारायचे. सुरुवातीला मी चिडायचे, की डोळे फुटलेत का तुमचे? मग सवय झाली. आमच्या घरात त्याहून प्रेमाचं बोलणं फारसं झालं असेल, असं मला वाटत नाही.

एखाद्या पुंगळीच्या बुडाला चुकून धग लागली तर हे ती बाजूला काढायचे आणि लगेच हातोडीनं चेपून टाकायचे. म्हणजे पुढे कोणी चुकूनही वापरायला नको. त्या बाबतीत हयगय नाही.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग दूधवाल्याचे पैसे, मग एकदा स्वतःच्याच बिल्डिंगच्या गेटवर उभे, मजला कुठला ते आठवेना. डॉक्टर चांगला होता, समजावून सांगितलं. यातून मागे यायचं नसतं, एवढं मला कळलं. घाटकोपरहून मुलगी आली आणि म्हणाली, "आई, ती रायफल पहिली घराबाहेर काढ." तिचं चूक नव्हतं. रायफलचा बोल्ट मी त्याच दिवशी काढून तिच्याकडे दिला, म्हणजे ती नुसतं दांडकंच राहिली. दारूचा डबा ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला.

पण एक गोष्ट मी तिच्याकडून मागून घेतली. क्लबात दरवर्षी थंडीत जुन्या सभासदांची मॅच असते. ह्यांनी ती कधी चुकवली नव्हती. क्लबातले लोक म्हणाले, आम्ही शेजारी बसतो, एकेक काडतूस आम्ही देतो, त्यांना पाच फैरी झाडू दे. त्या पाच झाडल्या की रायफल पोलिसांकडे जमा करायची, परवान्यासकट. मुलगी कुरकुरली, पण हो म्हणाली.

लोकांना वाटलं, मला मॅचचं पडलंय. मॅच गेली खड्ड्यात. मॅच आहे म्हणून काडतुसं भरायची होती, आणि काडतुसं भरायची म्हणून हे रोज सकाळी टेबलाशी बसत होते. तिथे बसले की हात चुकत नव्हते. सकाळी चहा झाला का ते आठवायचं नाही, पण साचा कुठे किती फिरवायचा ते बोटांना माहीत. "पाणी?" "घातलं." तेवढा वेळ माझा नवरा घरी असायचा. पुंगळ्या मात्र थोड्याच उरल्या होत्या. बाकीच्या तडकून गेलेल्या, आणि नव्या मापून बनवायचं आता ह्यांना जमत नव्हतं, आकडे डोक्यात राहत नव्हते. जेवढ्या पुंगळ्या, तेवढाच नवरा, असा माझा हिशेब होता. वेडगळ होता, पण होता.

त्या दिवशी ह्यांच्याच गोळ्या आणायला केमिस्टकडे गेले होते. त्याच्याकडे गर्दी. परत आले तर गॅलरीतून पितळ तापल्याचा वास. हे टेबलाशी बसलेले, गॅस नीट बंद केलेला, पुंगळ्या ट्रेमध्ये ओळीनं उभ्या. ट्रे कोरडा ठणठणीत. सगळ्याच्या सगळ्या पुंगळ्या वरपासून बुडापर्यंत निळ्या-जांभळ्या.

"बघ काय रंग आलाय," हे खुशीत म्हणाले. "चल, आता दारू काढ."

मी म्हटलं, "अहो, पाणी कुठाय?"

"म्हणजे? मी विचारलं ना तुला. तू म्हणालीस, घातलं."

भांडायला माझ्याकडे सगळं होतं. हातात केमिस्टची पिशवी, पायात चप्पल. मी घरातच नव्हते, हे सिद्ध करायला काय लागतं? पण ह्यांच्या चेहऱ्यावर जरासुद्धा शंका नव्हती. ह्यांना माझा आवाज खरंच ऐकू आला होता. मी म्हटलं, "हो, म्हणाले होते." आणि आत जाऊन मोरीत नळ सोडून रडले, अगदी हुंदके देऊन.

दोन-तीन दिवस मी काहीतरी सांगून वेळ काढला. दारू संपली, आणायला सांगितलीये, असं. मुलीला फोन करून सांगितलं, की मॅच नाही, ये आणि पोलीस चौकीत जाऊ. मग एका दुपारी हे झोपलेत असं बघून मी गॅलरीत बसले आणि हातोडी घेतली. ह्यांचाच नियम. धग लागलेली पुंगळी चेपायची. पितळ इतकं मऊ झालं होतं, की जोर लागतच नव्हता. मी चेपत होते, तेवढ्यात मागे पावलं वाजली.

हे येऊन समोर बसले. चेपलेली एक पुंगळी उचलली, चष्मा कपाळावर सरकवून उजेडात धरली, फिरवून बूड बघितलं. ते बघणं मी ओळखत होते. कित्येक महिन्यांत ते दिसलं नव्हतं. टूलरूममधला माणूस बघत होता.

"बुडाला धग लागलीये," हे म्हणाले. "सगळ्यांनाच. पाणी न घालता तापवल्यात या. कुठल्या गाढवानं केलं हे?"

मी म्हटलं, "मी."

"तू?"

"माझं चुकलं. पाणी घालायचं विसरले."

हे माझ्याकडे बघत राहिले. रागावून नाही, नुसतंच नवल वाटल्यासारखे. मग ती पुंगळी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "विसरलीस? एवढी वर्षं माझ्याशेजारी बसलीस ना तू? असं कसं गं विसरतं माणूस?"

मी ती बाजूला ठेवली आणि पुढची घेतली.