काकांनी न सांगितलेलं नाव

ओलं लाकूड चिरल्याचा वास आला की मला वडपे गावाजवळची आमची राई आठवते. गोदामासाठी ती विकायची की राखायची, यावरून आमच्या भावकीत उभी फूट पडली होती. झाडांवर कुऱ्हाड पडू नये म्हणून थोरले काका रोज तिथे जाऊन बसायचे; त्या दिवशी मीही सोबत होतो. दिवस मावळला, ऐनाच्या खोडांमधला उजेड विझत गेला, आणि हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात पाचोळा वाजल्याचं आम्हाला कळलंच नाही. तोंडाला फडकी बांधलेले सात-आठ जण काठ्या घेऊन अंगावर आले. मी पळालो आणि करवंदीच्या जाळीत दडलो. काका एकटेच उभे राहिले. "मला मारा, पन झाडाला हात लावू नका," ते ओरडले. काठी त्यांच्या गुडघ्यावर बसली तेव्हा मारणाऱ्याचं फडकं सुटलं. जाळीतूनही मी ओळखलं, तो धाकट्या काकांचा मुलगा होता, थोरल्यांनीच खांद्यावर खेळवलेला. दुसऱ्या दिवशी तोच शहाळं घेऊन दवाखान्यात आला. "काका, कोन व्हता वो?" त्याने विचारलं. काकांनी त्याच्या हातातलं शहाळं घेतलं. "अंधार व्हता, दिसला न्हाय," एवढंच म्हणाले. पोलिसांनी विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. काका पुन्हा कधी सरळ चालले नाहीत. आता राईच्या जागी गोदाम आहे, त्याच्या फाटकावर माझी ड्युटी असते, आणि त्या चुलतभावाची गाडी आली की मी उठून सलाम करतो.