भिंतीपलीकडची वाफ

नुसत्या धुराड्याकडे बघून काकाजी सांगत, भट्टीवर माणूस कसा आहे. "काळा निंगून राह्यला. गड्यानं एकदमच कोळसा ढकलला," म्हणत नि मान हलवत. वर्ध्याबाहेर कापड रंगवायच्या आमच्या कारखान्यात ते बॉयलर सांभाळत आणि मी कचेरीतला पत्रव्यवहार. त्यांच्या धुराड्यातून काळा धूर क्वचितच निघे. याची त्यांना चांगलीच घमेंड होती.

शेजारी सरकीच्या तेलाची गिरणी. मध्ये भिंत, आणि दोन्ही मालकांचं कित्येक वर्षं बोलणं बंद. काकाजी मात्र डबा घेऊन खुशाल पलीकडे जात, तिथल्या बॉयलरवाल्याबरोबर जेवत. "दोघायचेही बॉयलर अर्ध्या कामासाठी जळून राह्यले. एक दोघायले पुरते," हे त्यांचं पालुपद. आम्ही हसत असू.

मग परदेशी गिऱ्हाइकाचं पत्र आलं: कार्बन कमी करा, नाहीतर आम्ही दुसरीकडून माल घेतो. तेव्हा कुठे मालकांना शेजारी आठवला. काकाजींचंच म्हणणं मी नीटनेटक्या भाषेत टाइप करून त्यांच्यापुढे ठेवलं. दोन्ही मालक भेटले, पण घोडं अडलं. बॉयलर ज्याला त्याला आपलाच ठेवायचा होता! शेवटी निवाडा काकाजींवर सोपवला. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं होती. आमचा बंद झाला तर त्यांचं काम संपणार, कारण पलीकडे माणूस होताच.

दोन्ही बॉयलर तपासून ते म्हणाले, "त्यायचा ठेवा. कोळसा कमी खाते."

मी चिडलो. "काऊन सांगितलं हो, काकाजी?"

"मले विचारलं, कोणता चांगला हाय. माह्यासाठी कोणता चांगला, हे कोणी विचारलंच नाई."

भिंतीला भोक पाडून वाफेचा पाइप आला. आमची भट्टी विझवताना कुणीतरी पाण्याची बादली आणली, तर काकाजी केवढ्यानं ओरडले, "तापला हाय, तडकन ना तो! हळूहळू थंडा होऊ द्या." बॉयलर भंगारातच जायचा होता. तरी तो पुरता निवेपर्यंत दोन दिवस ते स्टूल टाकून बसले.

पुढे दोन्ही कारखान्यांचा सत्कार झाला. सन्मानपत्रावर मालकांची नावं आहेत आणि खाली, मूळ कल्पना म्हणून, माझं. मला ते दुरुस्त करून घेता आलं असतं. मी गप्प बसलो, याची अजून लाज वाटते. काकाजी आता सेलूला असतात. एसटीनं पाऊण तासही लागत नाही, पण मला अजून जाणं जमलेलं नाही.